मानपत्रातलं विशेषण

रवि. २ फेब्रु.
दु. ४ वाजून २० मिनिटं. घड्याळ बघितलं म्हणून नक्की माहीत. त्या मिनिटाला विहाराच्या अभ्यासिकेत, साठ-सत्तर माणसांसमोर, माइकवरून मला 'फायस्टी' म्हटलं गेलं.

अभ्यासिकेचा वर्धापनदिन होता. निरोप असा की मुलींच्या इंग्रजी वर्गाबद्दल चार शब्द बोला. गेले तर टेबलावर शाल, आणि खुर्चीवर माझ्या नावाची चिठ्ठी. सचिव वानखेडे म्हणाले, "सरप्राइज हाय मॅडम." तहसील कचेरीतून रिटायर होऊन त्यांना सात वर्षं झाली, पण तहसील अजून त्यांच्यातून रिटायर झालेली नाही. मला सरप्राइज आवडत नाही. आपल्याकडे शाल कोणाला देतात? ज्याला घरी पाठवायचं असतं त्याला. शाल, टाळ्या, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर दुसरा.

मानपत्र काचेच्या फ्रेममध्ये. गाव सीमेवरचं, सरकारी कारभार तेलुगूत, म्हणून तीन रकाने: मराठी, तेलुगू, इंग्रजी. मराठी वानखेडेंनी (यापुढे वा.) वाचलं. ज्ञानदीप, त्यागमूर्ती, वगैरे, ऐकलं नाही. तेलुगू कोणी वाचलंच नाही, वेळ कमी होता. इंग्रजी करुणाने वाचलं. करुणा माझी जुनी विद्यार्थिनी, आता इथल्याच ज्युनियर कॉलेजात शिकवते. "अवर फायस्टी शकुंतला मॅडम." टाळ्या. पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. कोण, ते दिसलं नाही. चष्मा शालीत अडकला होता.

मग वा.नी रजिस्टर पुढे केलं, त्यात मानपत्राची प्रत चिकटवलेली. "मानपत्र भेटल्याची दस्तखत, मॅडम." हा माणूस चहा दिला तरी दस्तखत घेतो. केली.

वर्ग पुढेही माझ्याकडेच ना, हे तिथेच सर्वांसमक्ष विचारायला हवं होतं. अकरा मुली आहेत. विचारलं नाही. डोक्यात तो शब्द बसला होता.

सोम. ३ फेब्रु.
फ्रेम टांगलेली नाही. भिंतीला टेकवून ठेवली आहे, तोंड भिंतीकडे.

शब्दाचा अर्थ मला ढोबळ माहीत होता: तडफदार, खमकी, अंगात जोर असलेली. पण ढोबळ माहीत असणं म्हणजे माहीत नसणं, हे मीच चौतीस वर्षं मुलांना सांगत आले. जाडा कोश काढला. सिस्टर अॅग्नेसने शाळा सोडताना दिलेला. पाठीचा कणा सुटला आहे, त्याचा आणि माझाही.

अर्थ: चैतन्याने भरलेली, धीट, वेळ पडल्यास भांडणारी. दुसरा अर्थ: चिडकी, अंगावर येणारी. ठीक. मग व्युत्पत्ती. हा शब्द आला 'फाइस्ट'वरून. फाइस्ट म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यांतलं छोटं, मिश्र जातीचं, सतत भुंकणारं कुत्रं. आणि ते नाव कशावरून? त्याच्याही आधीच्या जुन्या इंग्रजी क्रियापदावरून. त्या क्रियापदाचा अर्थ पोटातला वारा सोडणे. म्हणजे मूळ शब्द 'घाण वास मारणारं कुत्रं'. खाली टीप: बड्या घरच्या बायका मांडीवर छोटी कुत्री ठेवत आणि स्वतःचा वास त्यांच्या माथी मारत.

दोनदा वाचलं. कोश मिटला. चहा केला. पुन्हा उघडून तिसऱ्यांदा वाचलं. छापील होतं ते तसंच होतं.

मंगळ. ४ फेब्रु.
शांत डोक्याने लिहिते.

उत्साही माणसांसाठी इंग्रजीत शब्दांची कमी नाही. कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियरची भाची यायची, ती 'व्हिव्हेशस'. मूळ लॅटिन, जगणे. छान. 'एब्युलियंट' म्हणजे उकळी फुटलेलं. दूध उतू जातं तसं. तेही चालेल. 'स्पिरिटेड' घोड्यालाही म्हणतात, पण घोड्याला निदान उंची असते. 'प्लकी'चं मूळ खाटकाच्या दुकानात आहे, काळीज-फुप्फुस एकत्र काढतात त्याला प्लक. त्यातही काळीज आहे. एवढं सगळं सोडून माझ्यासाठी कुत्रं निवडलं.

आणि हा शब्द कोणाला लावतात ते बघा. कलेक्टरला कोणी फायस्टी म्हणत नाही. धिप्पाड पुरुषाला नाही. म्हाताऱ्या बाईला म्हणतात, ठेंगण्या बाईला म्हणतात. जिच्या भुंकण्याने काही बिघडत नाही तिला. तिच्या रागाला टाळ्या वाजवायच्या, म्हणजे उत्तर देण्याची गरज उरत नाही.

आमच्या घरात कुत्र्याची उपमा हा विनोदाचा विषय नाही. बाबा बेला या खेड्यात एका मालकाकडे सालदार होते. मालकाचं कुत्रं ओसरीवर झोपायचं. बाबांना ओसरीची पायरी चढायची मुभा नव्हती. 

संशयित: १) वा. (इंग्रजी येत नाही, पण सुचवू शकतात). २) छपाईवाला. ३) करुणा. नाही. करुणा नाही. तिला मी स्वतः शिकवलंय. पण म्हणूनच तिला शब्द माहीत असणार.

बुध. ५ फेब्रु.
वर्ग. अकराच्या अकरा हजर. मुद्दाम विचारलं, फायस्टी म्हणजे काय? निकिता (बेल्याची, इथे मावशीकडे राहते) लगेच म्हणाली, "डेंजर, मॅडम." दुसरी म्हणाली, "म्हंजे लहान हाय पन कोनाले भेत नाई." हसल्या सगळ्या. मीही हसले असते, पण.

निकिताला एप्रिलमध्ये निवासी कॉलेजची मुलाखत आहे, इंग्रजीतून. लेखी पार पडेल. तोंड उघडताना मान खाली जाते. आज तिला उभं करून तीन वाक्यं बोलायला लावली. तिसऱ्या वाक्याला मान वर आली. दहा आठवडे आहेत. पुरतील, रोज तोंड उघडलं तर.

शुक्र. ७ फेब्रु.
अभ्यासिकेच्या दारावर नोटीस: रंगकाम, खोली १६ तारखेपर्यंत बंद. बरंच झालं, ओल आली होती भिंतींना. मुलींना घरी पाठवलं, रोज दहा वाक्यं मोठ्याने बोला म्हणून सांगितलं.

मोकळा वेळ मिळाला तो छपाईवाल्याकडे. बसस्टँडसमोरचं फ्लेक्स-झेरॉक्सचं दुकान. मालक श्रीनिवास, तेलुगू माणूस, मराठी चांगलं बोलतो.

म्हटलं, हा शब्द कोणी घातला?

"मॅडम, इंग्लिश करुणा मॅडमच्या फोनवरून आलं. मी कॉपी-पेस्ट. एक अक्षर हलवलं असेल तर दुकान तुमचं."

"मराठी?"

"वानखेडे साहेबांनी हातानं लिहून दिलं. चार पानी होतं. मी कापून कापून एवढं बसवलं."

"आणि त्यांनी फायस्टी सुचवलं नाही?"

"साहेबांनी? मॅडम, साहेब 'फ्लेक्स'ला 'फेलिक्स' म्हणतात!"

तेलुगू त्याचं त्याने केलं म्हणाला, ते तयारच असतं दुकानात. ते मी विचारलं नव्हतं. मला इंग्रजीचा माणूस हवा होता, आणि तो मिळाला. करुणा.

घरी येताना बाजारात वांगी घ्यायची विसरले.

रवि. ९ फेब्रु.
करुणा आली. मीच बोलावलं होतं, फोनवर कारण न सांगता. येताना पेढे घेऊन आली. तिला वाटलं मानपत्राबद्दल आभार मानायचे आहेत. 

कोश उघडून तिच्यासमोर ठेवला. बोट ठेवलं. "वाच."

वाचलं. कान लाल झाले. "मॅडम, आजकाल कोणी या अर्थानं नाही म्हणत. चांगल्या बायकांनाच म्हणतात. आमच्या प्रिन्सिपल मॅडमच्या फेअरवेलला पण म्हटलं होतं."

"फेअरवेलला. म्हणजे जाताना."

"तसं नाही मॅडम."

"पुरुष प्रिन्सिपल गेले तेव्हा काय म्हटलं होतं?"

विचार केला तिने. खोटं बोलत नाही ती, हे मान्य करते. म्हणाली, "डायनॅमिक."

मग मी बोलले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढं म्हटलं की वा.ना खूश करायला तू मला समितीसमोर मांडीवरचं कुत्रं केलंस. शेवटी ती उठली. डोळे भरलेले, आवाज मात्र स्थिर. "दहावीत तुम्ही मला रोज म्हणायच्या, करुणा, आवाज वर. सगळा वर्ग हसायचा तरी तुम्ही सोडायच्या नाहीत. तो तुमचा स्वभाव मला एका शब्दात लिहायचा होता. दोन रात्री शोधला. हा सापडला. चुकला असंल तर चुकला."

"मराठीत लिहायचा होतास."

"मराठीचा रकाना वानखेडे काकांचा होता, मॅडम. मला फक्त इंग्रजीचा दिला."

गेली. पेढे इथेच. 

दोन रात्री शोधला म्हणते. तरी वा.चं नाव काढल्यावर खाली का बघितलं? बघितलं का? आता खात्री वाटत नाही.

मंगळ. ११ फेब्रु.
आजच्या आज लिहिते.

सकाळी पद्मा आली. समोरच्या घरातली, अंगणवाडीतून रिटायर झालेली, आमची बोली हिंदी-मराठी-तेलुगू मिसळलेली. फ्रेम भिंतीकडे तोंड करून का, म्हणून तिनेच उचलली. पुसली. आणि तेलुगू रकाना मोठ्याने वाचायला लागली, मुलांना गोष्ट वाचतात तसं हेल काढून. मधेच थांबली.

"मॅडम, आप क्लास छोड़ दिये क्या? मेरे को बोले भी नहीं?"

म्हटलं, कोणी सांगितलं?

"इधर लिखा है ना." बोट ठेवून वाचलं. "'स्वच्छंदंगा बाध्यतलु अप्पगिंचारु.' मतलब, खुद के मर्जी से पूरी जिम्मेदारी वापस दे दिये. उमर और तबियत के कारन. कमिटी ने आभार के साथ मंजूर किया. आज की तारीख से."

तीनदा वाचायला लावलं. तीनही वेळा तेच निघालं.

मराठी रकाना तपासला. त्यात असं काही नाही. इंग्रजीतही नाही. फक्त तेलुगूत. मला तेलुगू बोलता येतं, बाजारहाट होतो. वाचायला बसले तर पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर. खात्याची भाषेची परीक्षा कशी पास झाले ते मलाच माहीत. नऊ दिवस हे मानपत्र माझ्या घरात आहे. इंग्रजीतल्या एका शब्दाचं मूळ शोधत मी पार जुन्या इंग्लंडपर्यंत गेले, आणि शेजारच्या रकान्यात माझा राजीनामा होता तिकडे नजर टाकली नाही. 

आणि खाली माझी दस्तखत. फ्रेमवर नाही, रजिस्टरमध्ये चिकटवलेल्या प्रतीवर.

पद्मा म्हणाली, "गलती से छपा होगा, मॅडम." असेल. या जिल्ह्यात चुका नेहमी एकाच बाजूला का होतात?

बुध. १२ फेब्रु.
अभ्यासिकेवर गेले. रंगकाम खरंच चालू आहे, पिवळा रंग, कावीळ झाल्यासारखा. दारावर नवं कुलूप. माझी किल्ली लागत नाही. बाजूला छोटा फ्लेक्स: स्पोकन इंग्लिश, सोमवार १७ पासून, आणि शिकवणाऱ्याचं नाव. वा.चे जावई.

वा. आत पेंटरला भिंतीची कड दाखवत होते. "या मॅडम, जयभीम! कलर कसा वाटते?"

"माझा वर्ग कुठे आहे?"

"तुमचा... मॅडम, तुमीच त सोडला ना. दस्तखत हाय तुमची मिसलमदी, फायलीत."

"ती मानपत्र मिळाल्याची होती."

"त मानपत्रातच लिहेल हाय न ते." थोडं थांबून, "तहसिलीत होतो तरी म्या बी तेलुगू वाचत नाई मॅडम. श्रीनिवासनं भरलं. रिटायरमेंटवाल्यांचा एक नमुना ऱ्हायते त्याच्याकडं. त्यानं तोच टाकला असंल."

"मग चूक आहे ती. दुरुस्त करा."

"आता कशी करू? खोली म्युन्सिपाल्टीची हाय. कागद वरतं गेला, मंजूर होऊन आला. जावईबापूनं त्याची दुसरी जागा सोडली न मॅडम." मग आवाज मऊ करून, "तुमी काऊन तरास करून घेऊन राह्यल्या? तुमचं वय हाय का आता हे? आराम करा. मान त दिलाच न आमी."

नमुन्यातून चुकून आलं असेल, तर जावयाने दुसरी जागा इतक्या झटपट कशी सोडली? हे विचारलं. म्हणाले, पेंटर वाट बघून राह्यला.

गुरु. १३ फेब्रु.
दोन्ही बाजू मांडते, स्वतःशी तरी.

चूक असावी असं म्हणणारं: श्रीनिवासने फोनवर कबूल केलं. तेलुगू रकान्याला नेहमी शाळेतल्या निरोप समारंभाचा मजकूर वापरतो, नाव बदलून. "सत्कार म्हंजे रिटायरच ना मॅडम, असं वाटलं." यात खोटं नाही. त्याचं दोन वर्षांपूर्वीचं एक मानपत्र बघितलं, अक्षरशः तेच.

चूक नाही असं म्हणणारं: ते कळल्यावरही कोणी सांगायला आलं नाही. म्युनिसिपालिटीत तेलुगू वाचणारेच आहेत, वा.ना तिथे ते वाचून दाखवलं गेलं असणारच. त्यानंतर रंगकामाची नोटीस लागली.

म्हणजे आयता चुकलेला कागद हाती आला आणि त्यांनी तो परत केला नाही. असं असेल? की मीच सगळीकडे डाव बघते? चौतीस वर्षं कॉपी पकडण्यात गेली, निरपराध मुलंही पकडली असतील. करुणासकट.

करुणाला फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी तिचाच आला. "बोला मॅडम." तुटक. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेलुगू वाचता येतं, मॅडम. मी बाजूलाच उभी होते. माझंच इंग्रजी वाचत होते." 

माफी मागितली. तिने 'असू द्या' म्हटलं. ते मला पुरत नाही, पण तिच्याकडे एवढंच असेल तर एवढं घ्यावं.

शनि. १५ फेब्रु.
निकिताची मावशी आली, जिनिंगमधून थेट, केसांत कापसाचे तंतू. दारातच उभी.

"मॅडम, तुमी सोडलं म्हनते. खरं काय?"

"नाही. काढलं."

"मंग निकिता मले काऊन म्हनते का मॅडमच थकल्या म्हून? तिले तसंच सांगतलं त्यायनं. पोरगी दोन दिस झाले बोलत नाई. म्हनते, मी चुका करतो म्हून मॅडम थकल्या."

खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. म्हटलं, तिला सांगा मॅडम थकलेल्या नाहीत. 

"त तुमीच सांगा न! माह्यं आयकते का ते?"

जावई कसे शिकवतात मला माहीत नाही. चांगलं शिकवत असतील. पण त्यांच्या फ्लेक्सवर वेळ संध्याकाळी सात ते साडेआठ आहे. निकिताला, आणि आणखी पाच जणींना, घरून साडेसहानंतर सोडत नाहीत. हे त्यांनी विचारलंच नाही कोणाला.

रवि. १६ फेब्रु.
करुणा आली. टेबलावर कोश होता, तो तिने बाजूला सरकवला आणि कागद ठेवला. अर्ज तीन भाषांत करायचा ठरलं. मराठी मी, इंग्रजी मी, तेलुगू ती. या वेळी पद्माला बोलावून तेलुगू दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मी स्वतः वाचलं, एकेक अक्षर लावत. वीस मिनिटं लागली.

माझ्या मराठी मसुद्यात 'कपटी', 'निलाजरा', 'लाळघोट्या' असे शब्द होते. करुणाने सगळे खोडले. "विशेषणं नको मॅडम. विशेषण दिलं की त्यांना हसायला जागा मिळते."

बरोबर आहे तिचं. पण 'लाळघोट्या' चांगला शब्द होता.

सोम. १७ फेब्रु.
सकाळी अकराला समितीची बैठक असते, अर्ज तिथेच दिला. पाच माणसं होती. वा. म्हणाले, "ठेवून जा मॅडम, पाहू." बाकीचे चार टेबलाकडे बघत होते. एकाने, आवाजावरून बहुतेक त्या दिवशी हसला तोच, हळूच म्हटलं, "मॅडम जबरदस्त हायेत." मी म्हटलं, जबरदस्त नाही, अर्जदार.

घरी जाताना निकिताच्या मावशीकडे थांबले. मुलगी ओट्यावर होती. मला बघून उठली, मान खाली. म्हटलं, मी थकलेले नाही, तुझ्या चुका मला पुरत नाहीत अजून. पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. विश्वास बसला असं वाटलं नाही. तिला सांगण्यापेक्षा खोलीचं कुलूप उघडून दाखवावं लागेल.

अर्जाची प्रत इथे उतरवून ठेवते, कागद गहाळ होतात म्हणून:

"मा. सचिव, अभ्यासिका समिती यांस. १) मी मुलींच्या इंग्रजी वर्गाची जबाबदारी सोडलेली नाही. २ फेब्रुवारीला दिलेल्या मानपत्राच्या फक्त तेलुगू रकान्यात तसं छापलं आहे. ते मला वाचून दाखवलेलं नाही, आणि माझी सही मानपत्र मिळाल्याची आहे. २) हा मजकूर चुकून छापला गेला असल्यास म्युनिसिपालिटीला तसं समितीने कळवावं. चुकून छापला गेला नसल्यास कोणी सांगितला, त्याचं नाव कळवावं. ३) सध्याची संध्याकाळी सातची वेळ अकरापैकी सहा मुलींना जमत नाही. त्यांनी काय करायचं, ते सांगावं. ४) वर्ग माझ्याकडे आहे की नाही, एवढं हो किंवा नाही असं लिहावं. शनिवार, ता. २२ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर मिळावं. तोंडी निरोप, फोन किंवा घरी येऊन समजूत घालणं हे उत्तर धरलं जाणार नाही. उत्तर तिन्ही भाषांत असावं, आणि तिन्हींत एकच असावं."